पाठीमागची गाडी आधी कळते, पण सगळी नाही: गार्मिन व्हारिया आरटीएल ५१५, कोल्हापूरच्या रस्त्यांवर

कोल्हापुरातनं पन्हाळ्याला किंवा जोतिबाला सायकल काढली की शिवाजी पूल ओलांडल्यापासून रत्नागिरीचा महामार्ग धरावा लागतो. पन्हाळ्याला जाणाऱ्यांना तर तो वाघबीळपर्यंत सुटत नाही. आंबा घाटाकडं निघालेले ट्रक, एस.टी., पर्यटकांच्या गाड्या आणि पहाटेचे दूधवाले टेम्पो, सगळे याच पट्ट्यात. वाऱ्याला तोंड देत चाललेल्या सायकलवाल्याला मागची गाडी ऐकू येते ती फार उशिरा, आणि इलेक्ट्रिक गाडी तर येतच नाही. म्हणून मागच्या दिव्यातच रडार बसवलेलं हे यंत्र इथं खरंच कामाचं आहे. मात्र त्याला काय दिसत नाही हे माहीत करून घेतल्याशिवाय ते लावू नये.

२०२० साली आलेलं हे मॉडेल वजनाला ७१ ग्रॅम, उंचीला जवळजवळ १० सेंटिमीटर. सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, उभं बसतं. मागं १४० मीटरपर्यंतची गाडी ओळखून ती हँडलवरच्या सायकल कॉम्प्युटरच्या पडद्यावर दाखवतं. पडद्याच्या कडेला असलेल्या रंगीत पट्टीवर ठिपका वर सरकत येतो, नवी गाडी आली की टोन वाजतो. पट्टी पिवळसर असेल तर गाडी येतेय, लाल असेल तर जोरात येतेय, हिरवी असेल तर रडारला मागं काही दिसत नाही. कॉम्प्युटर गार्मिनचा एजच हवा असं नाही. एएनटी प्लस ही बिनतारी जोडणी असल्यामुळं वाहू, ब्रायटन, हॅमरहेड या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवरही चालतं, आणि कॉम्प्युटर नसेल तर ब्लूटूथनं फोनवर व्हारियाचं ॲप लावता येतं.

१४० मीटर म्हणजे हातात वेळ किती, हा खरा प्रश्न. तुम्ही २५च्या वेगानं चालला आहात आणि मागची कार ७५नं येतेय, तर फरक ५०चा. ती तुमच्यापर्यंत यायला साधारण १० सेकंद लागतात. ९०नं येणाऱ्या ट्रकला पावणेआठ सेकंद, ४५नं येणाऱ्या मोटरसायकलला २५. खड्डा चुकवायचा की सरळ त्यातनंच हळू जायचं, हे ठरवायला १० सेकंद भरपूर होतात. केर्लीच्या सरळ पट्ट्यात आणि राधानगरीच्या रस्त्यावर याचा सगळ्यात जास्त फायदा जाणवतो तो इथंच.

आता मर्यादा. रडार वेगातला फरक मोजतं, आणि तो ताशी १० किलोमीटरपेक्षा कमी असला तर गाडी त्याच्या हिशेबात नसते. वाघबीळकडनं उतरताना तुम्ही ४५नं चालला असाल आणि मागची जीप तुमच्या मागोमाग तेवढ्याच वेगानं येत असेल, तर पडदा हिरवाच राहतो. जीप मात्र चाकाला लागलेली असते. उतारावर हिरव्या पट्टीवर भरवसा ठेवून वळणाची आतली बाजू धरणं म्हणूनच धोक्याचं. दुसरी गोष्ट, रडारला वळणापलीकडचं दिसत नाही. पन्हाळ्याच्या चढावर तुमचा वेग १०, बसचा ३५ धरला तर सपाटीवर २० सेकंद आधी कळलं असतं. पण वळणावर मागचा रस्ताच २५-३० मीटर दिसत असेल तर सूचना मिळते ती जेमतेम चार सेकंदांची. गगनबावड्याच्या पुढं करूळ किंवा भुईबावडा घाटात उतरणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. तिसरी गोष्ट, मोठ्या ट्रकच्या आडोशाला असलेली मोटरसायकल ट्रक पुढं गेल्यावरच दिसते. एक गाडी गेली म्हणून लगेच उजवीकडं सरकू नका, मान वळवून बघा. आणि समोरनं ओव्हरटेक करत अंगावर येणारी गाडी किंवा उलट्या दिशेनं येणारी दुचाकी, यांच्याशी या यंत्राचा काहीच संबंध नाही. दुपदरी रस्त्यावर तो धोका मागच्या गाडीपेक्षा कमी नसतो.

उसाच्या हंगामात हे सगळं आणखी ठळक होतं. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर तुमच्याइतक्याच वेगानं मागं रेंगाळत असतो. रडार त्याला एकदा दाखवतं, मग विसरतं. तेव्हा कानावरच विसंबावं. उलट असा ट्रॅक्टर पुढं असेल तर रडार फार उपयोगी पडतं. बाहेर आलेल्या उसाच्या मोळ्या चुकवत त्याला ओलांडायचं म्हणजे रस्त्याच्या मधोमध यावं लागतं, आणि तेव्हा मागं कोण आहे हे पडद्यावर आधीच दिसलेलं बरं. अंधारात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली पुढं उभी असेल तर तिला शोधायला पुढचा दिवाच लागतो.

बंगळूर महामार्गाच्या सेवा रस्त्यावर मात्र याचा त्रास होतो. रडार ४० अंशाच्या कोनात बघतं, म्हणजे ५० मीटर मागं त्याची नजर ३५ मीटरहून जास्त रुंद पसरलेली असते. शेजारच्या मुख्य मार्गावरच्या गाड्याही त्यात येतात आणि पट्टी सतत लाल राहते. रंकाळ्याच्या चकरांनाही तेच. अशा ठिकाणी टोन बंद करावा, नाहीतर कान त्या आवाजाला सरावतो आणि पुढं महामार्गावर खरी सूचना आली तरी लक्ष जात नाही.

ग्रुप राईडमध्ये हे कसं वापरायचं यावर प्रत्येक क्लबनं एकदा बसून ठरवायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. दहाजणांनी दहा रडार चालू ठेवले तर उपयोग एकाचाच, शेवटच्याचा. मधल्यांच्या रडारसमोर मागचा सायकलस्वार असतो. तो जरा जोर लावून जवळ आला की तोच गाडी म्हणून दिसतो आणि टोन वाजतो. त्याहून वाईट म्हणजे डे फ्लॅश, दिवसासाठीचा लुकलुकता उजेड. तो ६५ लुमेनचा आहे, आणि चाकामागं चाक लावून चाललेल्याच्या डोळ्यांत पहाटेच्या अंधारात तो मारा असह्य होतो. मधल्या सगळ्यांनी दिवा पेलोटॉन मोडवर, म्हणजे ग्रुपसाठीच्या मंद उजेडावर, ठेवावा, तो फक्त ८ लुमेनचा असतो. शेवटचा एकटा दिवसा डे फ्लॅशवर, अंधारात नाईट फ्लॅशवर.

शेवटच्या माणसाचं काम पडदा बघून ओरडणं. नुसतं ‘गाडी’ म्हटलं तर पुढच्याला पुढची की मागची ते कळत नाही. ‘मागनं गाडी’, ‘मागनं ट्रक’, ‘मागनं तीन’ असं स्पष्ट हवं, आणि पट्टी हिरवी झाल्यावर मान वळवून खात्री करून मगच ‘मोकळं’. मधल्या प्रत्येकानं ती हाक पुढं द्यायची. वाऱ्यात शेवटचा आवाज चार सायकलींपलीकडं जात नाही. जोडीनं चाललेल्यांनी ‘मागनं ट्रक’ ऐकल्यावर उजवीकडच्यानं डावीकडच्याच्या मागं जायचं, पुढं घुसायचं नाही, हेही आधीच ठरलेलं असावं. पाळीपाळीनं पुढं येण्याची पद्धत असेल तर शेवटचा माणूस बदलत राहतो आणि रडारचा सगळा हिशेब चुकतो. त्यापेक्षा एक स्वीप, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी राहणारा माणूस, कायमचा मागं ठेवावा आणि बाकीच्यांनी त्याच्या पुढं फिरावं. क्लबच्या पैशांतनं घ्यायचा असेल तर एकच घ्या आणि स्वीपला द्या, सहा घ्यायची गरज नाही.

बसवताना बघायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांतली एकही सोडू नका. यंत्र सरळ उभं आणि तोंड थेट मागं हवं. सीटपोस्ट तिरका असतो म्हणून सोबतच्या रबरी पट्ट्यांपैकी योग्य ती लावून ते उभं करावं. खाली झुकलं तर रस्ताच बघत राहतं आणि अंतर घटतं. छोट्या फ्रेमवाल्यांची अडचण खरी आहे: सॅडल खाली, त्याखाली बॅग लोंबतेय, मग १० सेंटिमीटर मोकळी जागा उरत नाही. बॅग रडारसमोर आली तर ते आंधळं होतं. अशांनी ट्यूब आणि टायर लिव्हर जर्सीच्या खिशात किंवा फ्रेमच्या बॅगेत हलवावेत. पावसाळ्यात मागचा चिखल उडून काचेवर थापला जातो, त्यानं दिव्याचा उजेड मरतो. थांबल्यावर ओल्या फडक्यानं पुसून घ्यावं. धरून ठेवणारे रबर उन्हानं कडक होतात, एक जास्तीचा जवळ असू द्या.

पावसाचं म्हणाल तर यंत्राला आयपीएक्स ७ दर्जा आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकावं अशी रचना. गगनबावड्याचा पाऊस त्याला जड जात नाही. जपायचं ते चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण. ते नीट दाबलं नाही तर आत पाणी जातं आणि पिना गंजतात. भोक मायक्रो यूएसबीचं आहे, ही आज खटकणारी गोष्ट. फोनची केबल चालत नाही, वेगळी बाळगावी लागते. वाघबीळच्या धुक्यात रडारला फारसा फरक पडत नाही, डोळ्यांना मात्र पडतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये याची किंमत वसूल होते.

बॅटरी डे फ्लॅशवर १६ तास, पेलोटॉनवर ८, नाईट फ्लॅश किंवा स्थिर उजेडावर ६. पन्हाळ्याची फेरी कशावरही भागते. गगनबावडा जाऊन येऊन ११० किलोमीटरच्या आसपास पडतं. तिथं स्थिर उजेडावर गेलात तर शेवटच्या तासाला धाकधूक. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड, ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला २० तासांची मुदत असते. तिथं रात्रीसाठी वेगळा स्थिर दिवा लावा आणि हे जेवणाच्या थांब्यावर पॉवरबँकवर भरून घ्या.

हँडलच्या टोकाचा छोटा आरसा याच्यापेक्षा खूप स्वस्त, आणि गाडी डावीकडनं चालली की मधनं, हे आरसाच सांगतो. रडार तेवढं सांगत नाही. पण आरशात कधी बघायचं हे रडार सांगतं. दोन्ही लावलेला माणूस सगळ्यात निवांत चालवतो. पैसे एकाचेच असतील आणि सायकल रंकाळा आणि कळंबा तलावापुरतीच निघत असेल, तर आरसा आणि चांगला दिवा घ्या. महामार्गावर एकट्यानं जाणाऱ्यानं मात्र नवीन चाकांच्या आधी हे घ्यावं.

घेताना खोक्यावरचा आकडा वाचा. आरटीएल ५१६ जर्मनीच्या नियमांसाठी काढलेलं, त्यात फ्लॅश नाही. आरव्हीआर ३१५ मध्ये रडार आहे, दिवाच नाही. २०२२च्या आरसीटी ७१५ मध्ये कॅमेराही येतो. परदेशातनं कुणाकडनं मागवलंत तर वॉरंटीचं आधी विचारून ठेवा, आणि पहिल्याच दिवशी महामार्गावर न नेता गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर मित्राला मोटरसायकलवर मागं ठेवून ठिपका कधी उठतो आणि कधी नाहीसा होतो ते बघून घ्या.