सबवूफरचा (खोल बास वाजवणाऱ्या स्पीकरचा) बॉक्स घरी बनवताय? नाशिकच्या द्वारका चौकाजवळचा प्लायवूडवाला
१८ मिमी एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीची) अर्धी शीट विकतो आणि मापाने कापूनही देतो, हे नाशकात सहसा मिळत नाही. दुकानातले काका प्रत्येक तुकड्याला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून बघतात, म्हणून माझ्या बॉक्सच्या सांध्यात फट राहिली नाही. बाहेरून १६×१४×१२ इंच धरलं की आत साधारण १.१ घनफूट जागा उरते. माझ्या १२ इंची सबला सीलबंद बॉक्समध्ये तेवढी पुरते; तुमच्या सबचं माहितीपत्रक आधी बघा. स्पीकर बसवायचं गोल भोक मात्र इथे पाडत नाहीत, जिगसॉ (गोलाई कापणारी छोटी विजेची करवत) स्वतःचा आणा. एमडीएफच्या कडेत थेट स्क्रू पिळला तर ती चिरते, म्हणून आधी बारीक ड्रिल, मग फेव्हिकॉल आणि स्क्रू, शेवटी फटी बुजवायला आतून सिलिकॉन. कटिंगचे पैसे वेगळे. आणि हो, कापलेले तुकडे रिक्षात आरामात मावतात, टेम्पो करू नका.