टीटी बाइकचे गिअर: केबलचे की इलेक्ट्रॉनिक?

टाइम ट्रायल (टीटी) बाइक म्हणजे एकट्याने वेळेशी शर्यत करायची सायकल. तिच्यावर ब्रेक असतात बेस बारवर (खालचं रुंद हँडल) आणि केबलचे शिफ्टर (गिअर बदलायचे खटके) एरोबारच्या (कोपरं टेकून, पुढे वाकून धरायचे दांडे) टोकांना. खरी अडचण इथेच आहे. वळणाआधी ब्रेक दाबायला हात खाली आले की शिफ्टर लांब राहतात. मग वळण संपल्यावर जड गिअरमध्येच उभं राहून पेडल मारावं लागतं. इलेक्ट्रॉनिकमध्ये बटणं दोन्हीकडे बसवता येतात, त्यामुळे ब्रेक लावता लावताच गिअर हलका होतो. वळणावळणाच्या, चढउताराच्या रस्त्यासाठी मी बेधडक तेच घ्यायला सांगेन.

सपाट, सरळ रस्त्याला मात्र केबल पुरते, चार्जिंगची कटकटही नाही. फक्त फिट, म्हणजे सीट-हँडलची तुमच्या शरीराला जुळणारी मापं, आधी पक्कं करा. नंतर एरोबार पुढे सरकवले तर केबल आखूड पडते, आणि बारच्या आतून नवी ओवणं फार किचकट.