सुट्टीत वाचायला घोड्यांच्या शर्यतींच्या कादंबऱ्या : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी सुट्टीला निघताना डिक फ्रान्सिस यांच्या दोन कादंबऱ्या मी घाईघाईत बॅगेत टाकल्या. शर्यतींतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तेव्हापासून त्यांच्या अकरा कादंबऱ्या वाचून झाल्या, शिवाय याच विषयावरची एक अमेरिकन कादंबरीही. आता कुणी विचारलं तर मी एकच सांगते : पुस्तक निवडताना घोड्यांकडे बघू नका, नायक पोटापाण्यासाठी काय करतो ते बघा.

फ्रान्सिस स्वतः जॉकी होते, तेही स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत धावायच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींचे. १९५३-५४ च्या हंगामात ते ब्रिटनचे चॅम्पियन जॉकी होते. १९५६ च्या ग्रँड नॅशनलमध्ये, म्हणजे ब्रिटनमधल्या सगळ्यात प्रसिद्ध स्टीपलचेस शर्यतीत, ते तिथल्या राजमातेच्या डेव्हन लॉक या घोड्यावर होते. शेवटचा अडथळा मागे पडला होता, घोडा सगळ्यांच्या पुढे होता, विजयरेषा समोर दिसत होती आणि सपाट गवतावर तो एकाएकी पोटावर आदळला. असं का झालं, याचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि १९६२ मध्ये 'डेड सर्ट' ही त्यांची पहिली कादंबरी आली. त्यांच्या पुस्तकांत शर्यत प्रेक्षकांच्या गॅलरीतून दिसत नाही, खोगिरावरून दिसते. घोड्याचा श्वास, शेजारच्या जॉकीचं ओरडणं, उडीआधी पावलं जुळवणं, सगळं अंगावर येतं.

पण प्रत्यक्ष शर्यतीला पानं थोडीच लागतात. उरलेलं पुस्तक कुठल्या तरी दुसऱ्याच व्यवसायात शिरतं, आणि मला ओढ लागली ती त्याची. 'प्रूफ'चा नायक दारूचा व्यापारी आहे. बाटलीवरचं लेबल एक आणि आतला माल दुसराच, हे तो नुसत्या जिभेवर ओळखतो. 'रिफ्लेक्स'मधला जॉकी फोटोग्राफीत रमणारा आहे. एका मृत छायाचित्रकाराने मागे ठेवलेल्या विचित्र निगेटिव्ह आणि कागदांमधून चित्रं कशी बाहेर काढायची, याची डार्करूममधली प्रकरणं मी दोनदा वाचली. 'दि एज'मध्ये तर कॅनडा आडवा पार करणारी अख्खी रेल्वेगाडी आहे आणि नायक तिच्यात वेटर बनून वावरतो. प्रवासात वाचायला याहून चांगलं पुस्तक मला अजून सापडलेलं नाही. 'बँकर'मध्ये एक बँक पैदाशीचा घोडा विकत घ्यायला कर्ज देते. कथा तीन वर्षं चालते, वेग कमी आहे. हे मात्र निवांत दुपारीच उघडावं.

पहिलं पुस्तक कुठलं? माझं उत्तर 'प्रूफ'. बहुतेक कादंबऱ्या स्वतंत्र असल्याने क्रम पाळावा लागत नाही, मोठा अपवाद सिड हॅली या डिटेक्टिव्हचा. तो पूर्वीचा जॉकी, एक हात निकामी झालेला. त्याच्यापुरतं आधी 'ऑड्स अगेन्स्ट' (१९६५) आणि मग 'व्हिप हँड' (१९७९) असंच वाचा. मी उलटं वाचलं आणि पहिल्या पुस्तकातला सगळ्यात मोठा धक्का हातचा गेला. त्याची हळहळ अजून आहे.

आता खटकलेलं. नायक एकमेकांसारखे वाटतात : तिशीतला, कमी बोलणारा, मार खाऊनही न वाकणारा. मी एका आठवड्यात ओळीने तीन वाचल्या तेव्हा कुणाचे बाबा कुठल्या पुस्तकातले, याचाच गोंधळ झाला. तेव्हापासून दोन फ्रान्सिसच्या मध्ये एखादं वेगळं पुस्तक ठेवते. मारहाण थेट आणि सविस्तर असते. मन हळवं असेल त्या दिवसांत 'व्हिप हँड' नको. जुन्या पुस्तकांत अर्धं कथानक टेलिफोन बूथ शोधण्यात जातं, पण मला त्याची गंमतच वाटली.

याच लाटेत मी जेमी गॉर्डन यांची 'लॉर्ड ऑफ मिसरूल' घेतली. २०१० चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळालेली ही कादंबरी वेस्ट व्हर्जिनियातल्या एका स्वस्त रेसकोर्सवर घडते. तिथे 'क्लेमिंग' शर्यती चालतात, म्हणजे धावणारा घोडा ठरलेल्या किमतीला कुणीही शर्यतीआधी नाव देऊन विकत घेऊ शकतो. त्यामुळे चांगला घोडा लपवायचा, वाईट घोडा खपवायचा, हा डाव प्रत्येक पानावर आहे. पुस्तक फार सुंदर आहे, पण संवादांना अवतरणचिन्हं नाहीत आणि बोलीभाषा घट्ट. सुट्टीत मी चाळीस पानांवर थांबले आणि घरी आल्यावर, रात्रीच्या शांततेत, पूर्ण केलं. हलक्या वाचनासाठी ते घेऊ नका. वेगळा वेळ काढून मात्र जरूर वाचा.

शब्दांची भीती बाळगू नका. हँडिकॅप म्हणजे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, आणि शर्यतीनंतर जॉकीला पुन्हा वजनकाट्यावर उभं राहावं लागतं, एवढं माहीत असलं तरी पुरतं. बाकी गोष्टच समजावून देते.

पुढच्या सुट्टीसाठी 'ब्रेक इन' आणि 'बोल्ट' काढून ठेवली आहेत. दोन्हींत नायक तोच जॉकी आहे, किट फील्डिंग. म्हणून मधलं वेगळं पुस्तक या वेळी नाही, आणि या वेळी क्रमही बरोबर.