शुगरच्या पायाची जखम: ओपीडीत साफ करावी, थिएटरमध्ये की मलमावर ठेवावी?

तळपायाला जखम, शुगर जुनी, आणि घरात तीन सल्ले येऊन पडलेले. एक डॉक्टर म्हणतात दाखल करा, ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देऊन साफ करू. दुसरे म्हणतात दर आठवड्याला ओपीडीत या. मेडिकलवाल्याने दिलेल्या मलमाने सडलेला भाग म्हणे आपोआप गळून पडतो. तिन्ही उपचार खरे आहेत आणि तिघांची आपापली जागा आहे. पण निवड करायच्या आधी दोन गोष्टी तपासून घेतल्या नाहीत, तर चांगला उपचारही उलटतो.

पहिली गोष्ट, पायात रक्त पोहोचतं का. डॉक्टरांनी पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला नाडी पाहिली का, हे विचारा. नाडी लागत नसेल तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते 0.9 च्या खाली असेल तर रक्तवाहिनी अरुंद झालेली असते. 1.3 च्या वर असेल तर खूश होऊ नका. शुगरमुळे रक्तवाहिन्या कडक होतात आणि आकडा खोटा चांगला दिसतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब बघावा लागतो. तो 30 च्या खाली असेल तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनला लगेच दाखवायचं. बोट काळं पडून सुकलंय, पू नाही, वास नाही, अशा पायाला रक्तपुरवठा सुधारण्याआधी ब्लेड लावू नये. कापलेली जागा भरून यायला रक्तच नसतं आणि जखम वर सरकत जाते. तोपर्यंत बोट कोरडं ठेवणं हाच त्याचा उपचार.

दुसरी गोष्ट, पू आत खोल गेलाय का. जखमेच्या कडेपासून लाली 2 सेंटिमीटरच्या पुढे पसरली, पाऊल सुजलं, घाण वास सुटला, दाबल्यावर कातडीखाली कुरकुर लागली, शुगर अचानक आवरेना झाली, तर त्या रात्रीच दवाखाना गाठायचा. ताप नाही म्हणून थांबू नका, शुगरच्या माणसाला कधीकधी ताप येतच नाही. आणि ज्या पायाला इतके दिवस काहीच जाणवत नव्हतं तो एकदम ठणकायला लागला, तर ती सुधारणा समजू नका. आत काहीतरी बिघडल्याची ती खूण असते.

अशा पायासाठी थिएटरच हवं, त्याला पर्याय नाही. तळव्यातला पू बंद कप्प्यांत साठतो आणि स्नायूंच्या दोऱ्यांच्या कडेने वर चढतो. ओपीडीच्या टेबलावर तिथवर पोहोचता येत नाही. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं इथे हे काम होतं. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि महात्मा फुले योजनेत हा उपचार बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, विचारा.

पण रक्त पोहोचतंय आणि पूही खोल नाही, अशा जखमेला दाखल होऊन थिएटरमध्ये जायची गरज नसते. योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी असते. त्यामुळे घरच्यांना ऑपरेशन फुकट आणि ओपीडीचं ड्रेसिंग महाग वाटतं, आणि तेवढ्यावर निर्णय होतो. भूल, सलाइन, अंथरुणावरचे दिवस, बुडलेली मजुरी हेही हिशोबात धरा.

अशा जखमेसाठी माझं मत स्पष्ट आहे: ओपीडीत ब्लेडने साफ करून घ्या, आणि पुन्हापुन्हा करून घ्या. मधुमेही पायासाठीच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. ब्लेड, कात्री, चिमट्याने मेलेलं पांढरं-पिवळं मांस आणि कडेचे घट्टे काढायचे, बाकी सगळे प्रकार त्यानंतर. पाय बधिर असतो म्हणून बहुतेकांना भूलही लागत नाही. घट्टा काढणं वरवरचं काम वाटतं, पण त्या कडक कातडीनेच तळव्याच्या एका ठिपक्यावर भार येतो आणि खाली मांस चिरडतं. घट्टा काढल्यावर त्या जागेवरचा सर्वाधिक दाब सुमारे 26 टक्क्यांनी उतरल्याचं 1992 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. शिवाय वरचं झाकण निघाल्याशिवाय जखम किती खोल आहे ते कळतच नाही. डॉक्टरांनी बोथट सळईने तपासताना हाड लागलं तर सगळा बेत बदलतो. हाडाला लागण असली तरी एक्स-रेत ती दिसायला दोन-तीन आठवडे जाऊ शकतात.

पुन्हापुन्हा का, तर जंतूंचा चिकट थर काही दिवसांतच परत बसतो. 2013 साली अमेरिकेत 3 लाखांहून अधिक जखमांची नोंद तपासली गेली. जिथे साफसफाई जास्त वेळा झाली तिथे जखमा लवकर भरल्या होत्या. हा नोंदींचा अभ्यास आहे, प्रयोग नाही, तरी दिशा पुरेशी स्पष्ट आहे. करणारा हात मात्र शिकलेला हवा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ब्लेड लावायच्या आधी सांगा.

मलमाचं बळ वेगळं आहे. ते घरी लावता येतं, आणि आठवड्याला तालुक्याला येणं ज्यांना जमत नाही त्यांना तेवढाच आधार. कोलॅजिनेजचं मलम मेलेल्या मांसाचे धागे हळूहळू विरघळवतं. आठवडे लागतात आणि घट्टा त्याने निघत नाही. त्यासोबत बीटाडीन किंवा चांदीचं मलम लावलं तर कोलॅजिनेज निकामी होतं, आणि आपल्याकडे तर बीटाडीन प्रत्येक ड्रेसिंगमध्ये असतं. शिवाय ते 25 अंशांच्या वर ठेवू नये. मे महिन्यात जालना-परभणीच्या पत्र्याच्या घरात ही अट कशी पाळणार, हे लिहून देणाऱ्यालाच विचारा. पपईच्या अर्काची मलमंही मिळतात. तीव्र अ‍ॅलर्जीच्या तक्रारींमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्ये तिथल्या विनापरवाना पपई-मलमांची विक्री थांबवली होती. हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारं जेल कोरड्या खपलीला ओलावा देतं, पण जखमेतून पाणी गळत असेल तर नको.

ओली पट्टी सुकवून ओढून काढायची जुनी पद्धत सोडून द्यावी. मेलेल्यासोबत नवं मांसही निघतं, आणि पाय बधिर असल्याने रुग्ण हूं की चूं करत नाही. किड्यांनी साफ करायचा उपचार शास्त्रातला आहे, पण ते निर्जंतुक वाढवलेले, एका ठरावीक जातीचे किडे असतात. शेतातल्या माशीने जखमेत पाडलेले किडे जिवंत मांसही खाऊ शकतात, ते डॉक्टरकडून काढूनच घ्यायचे. रुईचा चीक, चुना, राख, तंबाखू यांना तर जागाच नाही. पाय गरम पाण्यात बुडवायचाही नाही, बधिर पाय भाजलेला कळत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणी, पाटोद्यातून दसऱ्यानंतर टोळ्या निघतात आणि गाळप संपेपर्यंत फडातच असतात. उघडी जखम घेऊन फडात जाऊ नये हेच खरं. उचल घेतलेली असते आणि जावंच लागतं, तेव्हा निघायच्या आधी जखम ब्लेडने पूर्ण साफ करून घ्या, मलम आणि ड्रेसिंगचं सामान बांधून घ्या, आणि कारखान्याजवळच्या कुठल्या दवाखान्यात पंधरवड्याला दाखवायचं ते नाव आधीच ठरवून घ्या. कोयता जोडीदाराने धरावा, रुग्णाने बसून मोळ्या बांधाव्या.

कारण यातलं काहीही निवडलं तरी पायावरचा भार उतरला नाही तर ते वाया जातं. तळव्याच्या जखमेसाठी गुडघ्यापर्यंतचं प्लास्टर किंवा न काढता येणारा बूट सर्वांत चांगला, पण रक्तपुरवठा कमी असेल किंवा पू असेल तर डॉक्टर ते टाळतात. काढता येणारा बूट लोक घरात काढून ठेवतात आणि दिवसातली निम्मी पावलं घरातच पडतात. तुळजापूरला अनवाणी जायचा नवस असेल तर तो जखम भरेपर्यंत पुढे ढकला.

उपचार सुरू केल्या दिवशी जखमेची लांबी-रुंदी पट्टीने मोजून वहीत लिहा, मोबाइलवर फोटो काढा. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर त्याच ड्रेसिंगवर आणखी महिना घालवू नका. नाडी पुन्हा तपासून घ्या, हाडाचा एक्स-रे पुन्हा काढा, आणि बूट खरंच दिवसभर पायात असतो का ते घरातल्या सुनेला किंवा मुलाला विचारा, रुग्णाला नको.