जुन्या वाड्यासाठी ६ किलोचं एबीसी अग्निशामक: घ्या, पण एकटं नको

इंदूरचा राजवाडा तीनदा जळला: १८०१ मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटग्यांच्या स्वारीत, मग १९०८ मध्ये, आणि १९८४ च्या दंगलीत. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. आगीला खाद्य कुठे मिळालं ते उघड आहे. आडा बाजाराकडच्या जुन्या मराठी घरांतही तुळया, कडीपाट नि लाकडी जिना आहेच. तिथे ऑफिसच्या हिशोबाने अग्निशामक घेऊन भागत नाही.

दुकानात सर्रास दाखवतात ते ६ किलोचं एबीसी पावडरचं, म्हणजे लाकूड-कापड, तेल आणि गॅस अशा तिन्ही आगींसाठीचं. आत मोनो अमोनियम फॉस्फेट, वर नायट्रोजनचा दाब. मीटरचा बोर्ड, पडदे, सांडलेलं रॉकेल यांवर काम चोख: पिन ओढा, दोन-तीन मीटरवरून आगीच्या बुडाशी नळी धरा, डावी-उजवीकडे फिरवा. हाताशी जेमतेम पंधरा-वीस सेकंद असतात, तेव्हा ज्वाळांच्या शेंड्यावर मारलेली पावडर वायाच.

अडचण पुढे आहे. पावडर ज्वाळ मारते, लाकूड गार करत नाही. कडीपाटाच्या सांध्यात निखारा धुमसत राहतो आणि सगळं निवलं म्हणून लोक खाली उतरल्यावर फळीखालून पुन्हा धूर येतो. म्हणून शेजारी ९ लिटरचं पाण्याचं सिलिंडर हवंच. फक्त ते उचलण्याआधी मेन स्विच बंद. भरलेलं ६ किलोचं नळकांडं प्रत्यक्षात नऊ-दहा किलोंच्या घरात जातं. अरुंद जिन्यावरून म्हाताऱ्या माणसाला ते झेपत नाही, वरच्या मजल्यावर ४ किलोचं बरं.

सराफ्यातल्या, म्हणजे दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या नि रात्री खाण्याचे ठेले असलेल्या बाजारातल्या लोकांनी तर जपूनच. रात्रीच्या ठेल्यावर पेटलेल्या कढईत जवळून पावडर मारली तर तेल उडतं, आणि तापलेलं तेल पुन्हा पेटतं. तिथे के-क्लासचं, म्हणजे स्वयंपाकाच्या तेलाच्या आगीसाठीचं लागतं. पेढीवर कॉम्प्युटर नि वजनकाटा असतो. त्यावर बसलेली पावडर दमटपणात धातू खाते, म्हणून तिथे कार्बन डायऑक्साइड घ्या.

नळकांड्यावरच्या दाबमापकाचा काटा हिरव्यात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो दाब सांगतो, पावडरचा गठ्ठा झालाय का ते नाही. शिवाय एकदा सेकंदभर जरी दाबलं, तरी व्हॉल्व्हमध्ये कण अडकून दाब हळूहळू उतरतो. लगेच रिफिल करा. घेताना आयएसआय शिक्का, आयएस १५६८३ (हाताने उचलायच्या अग्निशामकांचं भारतीय मानक) आणि नळकांड्यावर ठोकलेलं उत्पादनाचं वर्ष बघा. रिफिलवाला नुसतं स्टिकर बदलून देत असेल, तर समोर वजनकाट्यावर ठेवायला सांगा.

गुण: पाचपैकी साडेतीन.