जैसलमेर की कच्छ? एका कुसळाचा कौल

डिसेंबर जवळ आला की आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणी ना कुणी जिन्यात अडवून विचारतंच: गाडी घेऊन वाळवंटात जायचंय, तंबूत राहायचंय, तर जैसलमेरला जावं की कच्छला? मी दोन्हीकडे जाऊन आलोय. आपलीच जुनी पेट्रोल गाडी, आपलाच तंबू, बरोबर बायको आणि आठ वर्षांचे चिरंजीव. "दोन्ही छान आहे हो, आपापल्या जागी," अशी मी सुरुवात करतो आणि दहा मिनिटांत माझा कल बाहेर पडतो. म्हणून इथे आधीच सांगतो की कल आहे, आणि तो ज्या गोष्टीमुळे ठरला ती ज्वारीच्या दाण्याएवढी आहे.

मुंबईहून निघणाऱ्याला पहिला दिवस दोन्हीकडे सारखाच. पहाटे चारला घोडबंदर, वसईपर्यंत ट्रकांची रांग, मनोरला चहा, वडोदऱ्यानंतर जरा मोकळा श्वास आणि संध्याकाळी अहमदाबाद. दुसऱ्या दिवशी वाटा फुटतात. भुज तिथून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आरामात निघूनही उशिराच्या जेवणाला पोचता येतं. जैसलमेरला मात्र मुंबई ते अहमदाबाद जेवढं अंतर, जवळजवळ तेवढंच पुन्हा. पालनपूर, सांचोर, बाडमेर करत जायचं. आम्ही दोघं आलटून पालटून चालवतो (हायवेवर बायको माझ्यापेक्षा बरी चालवते), तरी जैसलमेरचा पिवळा किल्ला दिसेपर्यंत तिसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. एक रात्र बाडमेरला मुक्काम केला म्हणून. आठवड्याचीच रजा असेल तर जाता-येता किती दिवस गाडीत जाणार, हा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

डेझर्ट नॅशनल पार्क म्हटलं की बोरिवलीच्या नॅशनल पार्कची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना फाटक, तिकीटखिडकी आणि आत जंगल असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. इथे तसं नाही. ३१६२ चौरस किलोमीटरचा हा पसारा जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत आहे, आणि आत गावं आहेत, ढाण्या म्हणजे चार-दोन घरांच्या वस्त्या आहेत, शेळ्यामेंढ्या आहेत. आपण कधी आत शिरलो ते कळतही नाही. वाळूच्या टेकड्या, म्हणजे तिकडचे धोरे, जेमतेम पाचव्या हिश्शात. बाकी सगळा खडकाळ माळ आणि सेवण गवत. मला हे आवडलं. सरळसोट रस्ता, मधेच त्यावर वाऱ्यानं आणून टाकलेली वाळूची जीभ, खेजडीखाली उभा उंट, आणि अर्धा तास समोरून एकही गाडी नाही. रामगढ, लोंगेवाला करत तनोटला गेलो तो दिवस नुसत्या गाडी चालवण्यासाठी म्हणून माझ्या आयुष्यातला एक उत्तम दिवस असेल. त्या बाबतीत थरचं वाळवंट कच्छला हार जाणार नाही.

शिवाय माळढोक. सोलापूरजवळचं नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं, शाळेत असताना तिथे सहलीला गेलो होतो आणि पाटीवरचा माळढोक सोडून दुसरा दिसला नव्हता. त्याला राजस्थानात गोडावण म्हणतात, तो त्यांचा राज्यपक्षी. आता देशभरात मोकळ्या रानात जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत, आणि जे आहेत त्यांतले बहुतेक या जैसलमेरच्या बाजूलाच. जैसलमेरहून वनखात्याची परवानगी काढून सुदासरीला गेलो आणि दुर्बिणीतून, फार लांबवर, गवतात एक मान दिसली. बस, एवढंच. चिरंजिवांना तर ती काठीच वाटली. पण मला जे वाटलं ते सांगता येणार नाही. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, उडताना विजेच्या तारा वेळेवर लक्षात येत नाहीत आणि तो आदळतो. हे कळल्यावर परतीच्या वाटेवर क्षितिजभर उभ्या असलेल्या पवनचक्क्या आणि त्यांच्यामधल्या तारा वेगळ्याच दिसू लागल्या. पक्ष्यांचा नाद असलेल्यानं पुढचं वाचलं नाही तरी चालेल. त्यानं जैसलमेरलाच जावं.

आता ते कुसळ.

जैसलमेरजवळच्या सम गावी एक संध्याकाळ काढली. धोरे सुरेख आहेत, पण अंधार पडला की प्रत्येक छावणीचा आपापला डीजे सुरू होतो. विसर्जनाच्या मिरवणुका ऐकत मोठं झालेल्या माणसानं त्यासाठी अकराशे किलोमीटर जायची गरज नाही. म्हणून खुरीकडे गेलो, तिथे खरोखर शांत होतं. एका ढाणीच्या मालकांनी घरामागे तंबू लावू दिला. धोऱ्याच्या माथ्यावर वारा फार होता, तेव्हा मी शहाणपणा करून पायथ्याची, वाऱ्याच्या आडोशाची जागा निवडली. वाळूत खुंट्या धरत नाहीत. पिशव्यांत वाळू भरायची, त्या पुरायच्या आणि तंबूच्या दोऱ्या त्यांना बांधायच्या, ही युक्ती ठाऊक होती, ती जमलीही. मी खूश. तेवढ्यात नुसत्या मोज्यांवर दोन फेऱ्या मारून आलेल्या चिरंजिवांनी भोकाड पसरलं.

भुरट नावाचं गवत आहे. पावसात उगवतं, दिवाळीपर्यंत वाळतं आणि त्याची काटेरी बोंडं वाळूत गळून पडतात, म्हणजे नेमकी आपल्या सुटीच्या हंगामात. रंग वाळूचाच, त्यामुळे दिसत नाही, लागतं तेव्हाच कळतं. आपल्या सह्याद्रीतलं कुसळ निदान सरळ असतं, शेंडा धरून ओढलं की सुटतं. याला चहूबाजूंनी काटे. मोज्यातून काढायला गेलं की बोटाला चिकटतं, त्या बोटातून काढायला गेलं की दुसऱ्या बोटाला. वारा जे काही उडवत आणतो ते आडोशालाच टाकतो, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. थोडक्यात, त्या परिसरातली सगळी भुरटं जिथे येऊन विसावली होती तिथेच मी बिऱ्हाड मांडलं होतं. मालकांनी खिशातून छोटासा चिमटा काढला, आपण किल्ल्या काढतो तितक्या सहज, आणि पोराचा पाय मांडीवर घेऊन एकेक काटा उपटत बसले. "भुरट है, सा. साथ चलेगा आपके," म्हणाले. दुष्काळात याचेच दाणे दळून भाकऱ्या करायचे, हेही त्यांनीच सांगितलं. ती बोंडं फोडणाऱ्या हातांना मी मनातल्या मनात नमस्कार केला.

रात्री दोनला हवेची गादी बसली. टाचणी लागल्यासारखी एकदम नाही, हळूहळू, अब्रू राखून. पाठीला गार वाळू लागली तेव्हा मोबाइल सहा अंश दाखवत होता. आईनं विणलेल्या स्वेटरला भुरट, कानटोपीला भुरट, तंबूच्या चेनमध्ये भुरट, आणि बायकोच्या शालीत इतकी की ती शाल शेवटी तिथेच ठेवून आलो. उरलेली रात्र तिघं गाडीत बसून काढली. दुसऱ्या रात्री मालकांच्या झोपड्यात खाटेवर झोपलो आणि अर्थातच उत्तम झोपलो. म्हणजे तंबूवाल्यानं तंबू सोडला तेव्हाच त्याला सुख लागलं. हे माझं दुर्दैव असू शकेल. माथ्यावर वाऱ्यात तंबू लावला असता तर कदाचित हा लेख उलटा झाला असता.

कच्छला पुढच्या वर्षी जानेवारीत गेलो. मुलुंडला राहणाऱ्याला कच्छ परकं वाटणं कठीणच. शेजारच्या कच्छी मासींनी खाखऱ्यांचे डबे आणि भुजमधल्या चार नातेवाइकांचे फोन नंबर हातात ठेवूनच आम्हाला सोडलं. भुजहून खावडा आणि तिथून धोलावीरा. या नव्या रस्त्याचा साधारण तीस किलोमीटरचा तुकडा थेट रणातून जातो. आम्ही गेलो तेव्हा एका बाजूला अजून घोटाभर पाणी होतं आणि दुसऱ्या बाजूला पांढरं मीठ. समोरून येणारा ट्रक आधी जमिनीपासून सुटून हवेत तरंगताना दिसतो, मग त्याला खालून हळूहळू चाकं फुटतात. चिरंजिवांनी असे तरंगते ट्रक मोजायला घेतले आणि पहिल्यांदाच "अजून किती वेळ?" विचारलं नाही. वैताग एवढाच की लोक भर रस्त्यात दारं सताड उघडी टाकून फोटो काढत असतात. आणि रस्ता सोडून गाडी खाली घालू नका. मिठाचा पापुद्रा वरून टणक दिसतो, खाली काळा चिखल असतो.

रणात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. सरहद्द जवळ आहे आणि सीमा सुरक्षा दलाचं लक्ष असतं. आम्ही खडीर बेटावर, धोलावीरा गावात, एका घराच्या आवारात तंबू लावला. जमीन अशी दगडाळ की चार खुंट्या वाकल्या, शेवटी दोऱ्यांवर धोंडे ठेवले. वारा रात्रभर कापड फडफडवत होता. पण गादी सकाळपर्यंत टम्म होती! कच्छमध्ये भुरट उगवतच नाही असं माझं म्हणणं नाही. मासींच्या मते त्यांच्या गावाकडे भरपूर आहे. खडीरच्या दगडांत आम्हाला भेटलं नाही, इतकंच. सकाळी चुलीवरचा बाजरीचा रोटला, ताक आणि समोर हडप्पाकालीन शहराचे कोरडे हौद. धोलावीरा २०२१ पासून जागतिक वारसा आहे, तरी आम्ही होतो त्या सकाळी तिथे माणसं मोजून अकरा.

काळ्या डुंगरावर मात्र जाच. ४६० मीटरच्या आसपास उंची, कच्छमधली सर्वांत उंच जागा, आणि वर चक्क दत्ताचं देऊळ. आपल्याकडे दत्त म्हटलं की वाडी, औदुंबर, गाणगापूर आणि पायाशी श्वान. इथे पुजारी ओट्यावर भात ठेवतात आणि हाका मारतात, मग रानातून कोल्हे येतात. भुकेल्या कोल्ह्यांना दत्तानं आपलं अंग देऊ केलं, अशी कथा आहे. आम्ही उभे होतो तेव्हा दोन आले, एकानं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. परतताना छोट्या रणात, दसाड्याच्या बाजूला, एक दिवस रानगाढवं बघितली. ४९५४ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आणि जनावर असं की लपत नाही. तासाभरात तीसेक तरी दिसली असतील. माळढोकाच्या एका मानेशी तुलना करायची की नाही, तुम्हीच ठरवा.

कच्छची उणीव चिरंजिवांनी पहिल्याच दिवशी दाखवून दिली: "पण बाबा, वाळू कुठाय?" नाहीये. धोऱ्यावरून घसरगुंडी करायची असेल तर रणात काही नाही, तिथे मीठ आहे. लाकडाचे दगड झालेले बघायचे असतील तर दोन्हीकडे आहेत, जैसलमेरजवळ आकलला आणि धोलावीऱ्याजवळही. आकलचे जास्त मोठे आहेत, १८ कोटी वर्षांपूर्वीचे, आणि पत्र्याच्या छपराखाली बिचारे पिंजऱ्यात ठेवल्यासारखे दिसतात. ताऱ्यांचं म्हणाल तर अमावस्या बघून निघा, दोन्हीकडे डोळे फाटतात.

आता माझ्या कौलातली खोट मीच सांगतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. कच्छहून आल्यावर दीड महिन्यानं गाडी मेकॅनिककडे नेली, तर तो खाली वाकून बघत म्हणाला, "साहेब, समुद्रात घातली होती का?" रणाजवळच्या खारट चिखलाचं पाणी चाकांनी उडवून पोटाला लावलं होतं आणि सायलेन्सरच्या पट्ट्या गंजून गेल्या होत्या. साडेचार हजार गेले. भुजमध्येच साध्या पाण्यानं खालून गाडी धुवून घ्यायला हवी होती. थरमध्ये आमचं नुकसान एक गादी आणि एक शाल. पैशात मोजलं तर जैसलमेर स्वस्त पडलं, हे बायको प्रत्येक वेळी सांगते. तिचं बरोबर आहे. मी तरी या जानेवारीची रजा खडीरसाठीच टाकली आहे.

कारण मीठ धुतलं की जातं. गेल्या आठवड्यात हवा लागावी म्हणून तंबू गॅलरीत पसरला, तर चेनच्या कोपऱ्यात एक भुरट तसंच बसलेलं होतं. दोन पावसाळे काढून.

पण तुमचं जैसलमेरच ठरत असेल तर मी आड येणार नाही. फोमची गादी न्या, हवेची नको. लोकरीचं सगळं गाडीत ठेवा, तंबूत वरून गुळगुळीत असलेली जाकिटं घाला. जागा निवडताना माझ्यासारखी आडोशाची निवडू नका. आधी हातमोजा घालून वाळूवर हात फिरवा आणि बघा काय चिकटतंय. आणि चिमटे माझ्याकडे दोन आहेत, एक घेऊन जा.