तोरिनोतला संध्याकाळचा इटालियन वर्ग: नक्की नाव घाला

नवऱ्याच्या नोकरीमुळे तोरिनोला येऊन मला दोन वर्षं झाली. पहिलं वर्ष मोबाइलच्या ॲपवर गेलं. शब्द पाठ झाले, पण तहान लागली की ‘ओ सेते’ म्हणायच्या जागी मी ‘ओ सेत्ते’ म्हणायचे. सेत्ते म्हणजे सात! कान तयार करायला समोर माणूसच हवा, हे तेव्हा पटलं आणि घराजवळच्या वाचनालयात भरणाऱ्या वर्गात नाव घातलं.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी ‘अतिशय’ या अर्थाचा ‘-इस्सिमो’ प्रत्यय घेतला: ‘बेल्लो’ म्हणजे सुंदर, ‘बेल्लिस्सिमो’ म्हणजे अतिशय सुंदर. आधी टाळ्या, मग वही. बेल-लिस-सि-मो: चार टाळ्या, दुसरी जोरात, कारण आघात कायम त्या ‘इस्’वर. जोड व्यंजन मधोमध तुटतं आणि त्याचं पहिलं अर्धं मागच्या अक्षराला जातं. मला शाळेतली वृत्तं आठवली. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू होतं, ते याचसाठी! ‘स’ मात्र पुढच्या व्यंजनाला धरून राहतो: पा-स्ता, क्वे-स्तो. म्हणजे ‘पास्ता’ आपण देवनागरीत लिहितो तसाच ते तोडतात.

‘आन्तिको’चं (प्राचीन) आन्तिकिस्सिमो, मग ‘सिम्पातिको’चं (मनमिळाऊ) सिम्पातिचिस्सिमो का, हे मला कधीच कळलं नव्हतं. बाई म्हणाल्या, आधी पुल्लिंगी अनेकवचन करा, आन्तिकी, सिम्पातिची, आणि पुढे ‘स्सिमो’ लावा. गाठ सुटली. चेलेबेर्रिमो, मिझेर्रिमो अशी त्याच अर्थाच्या ‘-एर्रिमो’ची मोजकी रूपं त्यांनी दहा मिनिटांत उरकली. रोजच्या बोलण्यात ती फारशी येत नाहीत, तेव्हा तेच योग्य.

तक्रार छापील टिपणांची. त्यांत ‘आक-क्वा’च्या (पाणी) जागी ‘आ-क्क्वा’ छापलंय. घरी एकट्यानं अभ्यास करणाऱ्यानं चुकीचंच घोकायचं का? शिवाय वर्गात बावीस जण, त्यामुळे बोलायची पाळी तासाला जेमतेम दोनदा येते.

शेवटच्या तासाला ‘बुओनो’चं (चांगला) ‘ओत्तिमो’ (फार चांगला) आलं. मी वहीत शेजारी ‘उत्तम’ लिहिलं. दोन्ही शब्दांची घरं वेगळी, पण लॅटिन ‘ओप्तिमुस’मधला शेवटचा ‘तिमुस’ आणि आपला ‘तम’ प्रत्यय मुळात एकच. बाईंनी ते मला फळ्यावर देवनागरीत लिहायला लावलं, आणि सगळ्या वर्गानं टाळ्या देत म्हटलं: उत-तम.

पुढच्या पायरीचेही पैसे मी भरलेत.